ओटी सिस्टरबरोबर जपान

सोमवार, टोकियो

जपानला जायचं ठरलं तेव्हा ताईनं एकच अट घातली: दिवसाला एकच देऊळ. ती सरकारी हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली. नोकरीतली बहुतेक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे तिच्या भाषेत ‘ओटी’त गेली. माणसं हातातलं काम कसं करतात हे बघण्यात तिला किल्ल्या-राजवाड्यांपेक्षा जास्त रस. मी मात्र जपानवर वाचून वाचून आधीच भारावून गेले होते. सहलभर आमची जुगलबंदी चालली ती यावरूनच.

विमान संध्याकाळी उतरलं. सामानाच्या पट्ट्याशी एक कर्मचारी उभा होता आणि येणारी प्रत्येक बॅग तो हलकेच वळवून तिची मूठ प्रवाशांच्या बाजूला करत होता. एका बॅगेला पाण्याचे थेंब दिसले, ते त्यानं कमरेच्या फडक्यानं टिपले. मी लगेच हरखले. ताई म्हणाली, “मूठ या बाजूला असली की ओढताना माणसाची पाठ धरत नाही. ज्यानं ठरवलं त्यानं कधीतरी स्वतः बॅग उचलली असणार.”

हॉटेलपर्यंत टॅक्सी केली. इथल्या टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हर आपल्या जागेवरूनच उघडतो आणि मिटतो. ताईनं सवयीनं उतरताना दार धाडकन लावलं. ड्रायव्हर काही बोलला नाही, मान लववून हसला फक्त.

मंगळवार, टोकियो

सकाळी मेट्रोच्या फलाटावर उभ्या होतो. पांढरे हातमोजे घातलेल्या स्टेशन कर्मचाऱ्यानं हात सरळ लांब केला, फलाटाची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटानं आखावी तशी दाखवली आणि काहीतरी मोठ्यानं म्हणाला. समोर कुणीच नव्हतं. गाडी आली, गेली, परत तेच. शेजारच्या शाळकरी मुलांचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. मला आधी ते लष्करी कवायतीसारखं वाटलं आणि जरा हसूही आलं.

ताईला नाही आलं. “अगं, काउंट करतोय तो,” ती म्हणाली.

याला इथे ‘शिसा कान्को’ म्हणतात. डोळ्यांनी बघायचं, बोटानं दाखवायचं, तोंडानं म्हणायचं आणि आपलंच म्हणणं कानांनी ऐकायचं. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये याची चाचणी घेतली होती. साध्या कामांत दर १०० कृतींमागे होणाऱ्या चुका यामुळे २.३८ वरून ०.३८ वर आल्या. आपल्याकडेही इंजिनमधले दोघं लोको पायलट सिग्नल दिसला की त्याचा रंग एकमेकांना हात करून मोठ्यानं सांगतात. डब्यात बसलेल्या आपल्याला ते दिसत नाही इतकंच.

पण ताईचा काउंट वेगळा, आणि तो तिनं मला त्या फलाटावर, दोन-तीन गाड्या सोडून, सविस्तर समजावला. ऑपरेशन सुरू होण्याआधी गॉज, मॉप, सुया, फोर्सेप्स, सगळं मोजायचं. हात धुऊन टेबलाशी उभी असलेली सिस्टर एकेक वस्तू दाखवत मोठ्यानं मोजते, बाहेरची सिस्टर तिच्याबरोबर मोजते आणि फळ्यावर लिहिते. पोट शिवायच्या आधी पुन्हा. कातडी शिवायच्या आधी पुन्हा. “मनात मोजलेलं मोजलेलं नसतं. थकलेलं मन सोळाचे सतरा सहज करतं, तोंड नाही करत. आणि सर्जन कितीही मोठा असो, सिस्टर ‘काउंट करेक्ट’ म्हणेपर्यंत सुई-दोरा हातात घेऊन थांबतो.” जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेची चेकलिस्ट काढली, त्यातही हा काउंट मोठ्यानं सांगायचा असतो. ताई म्हणते, त्याच्या कितीतरी आधी तिच्या मेट्रननं तिला हे ओरडून ओरडून शिकवलं होतं.

फलाटावरच्या पिवळ्या खडबडीत फरशांकडे मीच तिचं लक्ष वेधलं. अंध माणसाला पायाला किंवा काठीला कळाव्यात म्हणून केलेल्या. सेइची मियाके नावाच्या गृहस्थांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि मार्च १९६७ मध्ये ओकायामा शहरात एका रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब कंगोरे म्हणजे पुढे चला, गोल बुट्टे म्हणजे थांबा. आज आपल्या मेट्रो स्टेशनांतही त्या आहेत. आपल्याकडे त्या कधी खांबात जाऊन धडकतात, कधी त्यांच्यावर कुणाचा तरी स्टॉल असतो. ताई डोळे मिटून त्यांच्यावरून चालून बघायला लागली आणि मला तिचा दंड धरावा लागला.

दुपारी पाऊस आला. आम्ही एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिरलो. अशा दुकानांच्या मजल्यांना खिडक्या नसतात, त्यामुळे बाहेर पाऊस लागला की एक ठरावीक धून वाजवतात. गिऱ्हाइकाला ती पार्श्वसंगीत वाटते, विक्रेत्यांना मात्र कळतं: आता कागदी पिशव्यांवर प्लास्टिकचं आवरण चढवायचं. आमच्या चिमुकल्या बिस्किटांच्या डब्यालाही ते चढलं. त्याआधी डबा कागदात बांधला गेला. कागद तिरका ठेवून, डबा त्यावर एकदाच गडगडवून, चारही बाजूंच्या घड्या आपोआप जागच्या जागी. विक्रेतीचे हात एकदाही मागे गेले नाहीत.

आता तक्रार. त्या डब्यातलं प्रत्येक बिस्कीट पुन्हा स्वतंत्र वेष्टनात होतं. आणि ही वेष्टनं टाकायला रस्त्यावर कचराकुंडी नाही. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून सार्वजनिक जागांतल्या कित्येक कुंड्या काढून टाकल्या. लोक आपापला कचरा घरी नेतात. बघायला छान, पण संध्याकाळी माझ्या पर्समधून मूठभर चुरचुरीत प्लास्टिक निघालं. इतक्या नीटसपणानं इतका कचरा करणं याला शिस्त म्हणायचं की हौस, हे मला ठरवता आलेलं नाही.

बुधवार, टोकियो ते क्योटो

शिनकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन. पहिली १ ऑक्टोबर १९६४ ला धावली, ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी. तेव्हापासून आजवर गाडी घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही. त्यातली सगळ्यात जलद ‘नोझोमी’ सव्वादोन तासांत क्योटोला पोचवते, तिकीट सुमारे १४ हजार येन. जाताना उजवीकडची ‘ई’ नंबरची खिडकी मागावी, फुजी त्या बाजूला दिसतो. आम्हाला ढग दिसले.

तिकीट तपासनीस डब्यात शिरताना वाकला, डबा ओलांडून जाताना मागे वळून पुन्हा वाकला. त्याच्याकडे बघत फक्त आम्ही दोघी होतो. बाकीचा डबा झोपलेला किंवा फोनमध्ये.

दुपारी र्‍योआन-जी, म्हणजे त्या दिवसाचं एकमेव देऊळ. इथली दगडांची बाग जगप्रसिद्ध आहे: पांढऱ्या खडीचं आयताकृती अंगण, त्यात १५ दगड, बाकी काही नाही. खडीवर दाताळ्यानं ओढलेल्या सरळ रेषा. दगडाजवळ आल्या की त्या त्याच्याभोवती गोल होतात. रेषा कुठेही थांबलेली किंवा पुन्हा सुरू झालेली दिसत नाही. आणि मधे पावलाचा ठसा नाही, याचा अर्थ ओढणारा मागे मागे सरकत स्वतःची पावलं पुसत गेलेला असतो. आपल्याकडे फरशी पुसणारी बाई दाराकडे पाठ करून बाहेर निघते, तसंच.

मी पायरीवर बसून भारावण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात शेजारून हळू आवाज: “एक, दोन, तीन...” ताई बोटानं दाखवत मोजत होती.

“चौदा. पण कागदावर पंधरा लिहिलेत.”

ती उठून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथूनही चौदा. मधून मोजले. चौदा. दर वेळी राहून जाणारा दगड वेगळा. बागेची रचनाच अशी आहे की ओसरीत बसून कुठूनही बघा, एक दगड दुसऱ्याच्या आड जातोच. हे मला माहीत होतं, पण मी तिला लगेच सांगितलं नाही. तिची अस्वस्थता खरी होती. काउंट जुळत नाही म्हणजे ओटीत सगळे थांबतात, जमिनीवर, बादलीत, चादरीच्या घडीत शोधाशोध होते, नाहीच सापडलं तर टेबलावरच एक्स-रे काढतात.

शेवटी सांगितलं. तिनं पुन्हा एकदा बागेकडे बघितलं. “मुद्दाम केलंय?”

“मुद्दाम.”

“पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं ठीक आहे,” ती म्हणाली, “त्याला पोट शिवायचं नव्हतं.”

गुरुवार, क्योटो

ताई पहाटे उठते, त्यामुळे मलाही उठावं लागतं. आम्ही उतरलो होतो ती गल्ली जुनी, लाकडी जाळीच्या घरांची. साडेसहाला समोरच्या घरातली आजी खराटा घेऊन बाहेर आली. आपल्या दारापुढचा रस्ता झाडला, मग शेजारच्या हद्दीत वीतभर-दीडवीत गेली आणि थांबली. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग पाणी शिंपडलं आणि आत गेली. थोड्या वेळानं शेजारीण आली. तिनं आपलं अंगण झाडलं आणि आजीच्या हद्दीत तेवढंच, वीतभर, झाडलं.

आमच्या यजमानीणबाईंना भाषांतराच्या ॲपमधून विचारलं. या दारझाडणीला क्योटोत ‘कादोहाकी’ म्हणतात. शेजाऱ्याच्या दारात साधारण एक ‘शाकू’, म्हणजे फूटभर, झाडायचं. अजिबात नाही झाडलं तर माणूस तुसडा ठरतो. सगळं झाडलं तर त्याहून वाईट: तुमचं दार घाण असतं असं सुचवल्यासारखं होतं, शिवाय समोरच्यावर उपकार चढतात.

या फूटभर पट्टीचा मी दिवसभर विचार करत होते. शेजारधर्म म्हणजे मनाचा मोठेपणा, असंच आपण धरून चालतो. इथे त्याला माप आहे, आणि ते माप दुसऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आहे. बॅगेची मूठ, पिशवीवरचं आवरण, फलाटावरच्या फरशा, सगळ्यांत मला तेच दिसायला लागलं. काम आपल्यापुरतं न संपवता पुढच्या माणसाच्या हाताला लागेल तिथपर्यंत न्यायचं, त्यापुढे नाही. मला ज्याला कला म्हणावंसं वाटत होतं ती बहुधा हे माप ओळखण्यात असावी. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्या सोसायटीत एक फूट झाडायला गेलं तर हद्दीवरून केस होईल.”

दुपारी चहा. पाहुण्यांसाठी चहाविधी दाखवणारी घरं क्योटोत पुष्कळ आहेत. आम्ही एक लहानसं निवडलं, जिथे एका वेळी चार-पाचच माणसं घेतात. चहाच्या या पद्धतीला आजचं रूप दिलं ते सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी. त्यांच्या परंपरेतल्या चहाघराचं दार जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं. गुडघ्यांवर सरकतच आत जावं लागतं, सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवून. रिक्यूंची एक दंतकथा सांगतात: मुलानं बाग झाडून झाडून लख्ख केली, तरी यांचं समाधान होईना. शेवटी स्वतः उठले आणि झाड हलवून चार पिवळी पानं खाली पाडली. त्याच रिक्यूंना त्यांचा धनी तोयोतोमी हिदेयोशी यानं पुढे पोट चिरून घेण्याचा हुकूम दिला.

चहाघरातल्या यजमानीणबाई साठीच्या. कमरेचा रेशमी रुमाल काढला, त्याची घडी घातली, आणि त्या घडीनं चहाची डबी पुसली, मग बांबूचा चमचा पुसला. मग बुडकुल्यात गरम पाणी घालून ते फिरवून ओतलं आणि बुडकुलंही पुसलं. ते सगळं आधीच स्वच्छ होतं. आमच्याबरोबरच्या एका तरुण पर्यटकानं विचारलंच, की जे स्वच्छ आहे ते का पुसता?

बाईंनी काही उत्तर दिलं, पण मला ताईचं जास्त पटलं. ती माझ्या कानात म्हणाली, “सिरिंज सीलबंदच येते. तरी आम्ही ती पेशंटच्या समोर फाडायचो, खोलीच्या कोपऱ्यात नाही.”

चहा घुसळायची रवी एकाच बांबूच्या तुकड्याची असते: अर्धा भाग दांडा, अर्ध्याला चिरत चिरत शंभराच्या आसपास तंतू केलेले. गोंद नाही, खिळा नाही. नारा जिल्ह्यातल्या ताकायामा गावात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. बाईंनी रवी मनगटातून हलवली, खांदा स्थिर. हिरवा फेस आल्यावर रवी मध्यावरून सरळ वर उचलली, फेसाला छोटंसं टोक आलं. मग बुडकुल्याची नक्षीची बाजू आमच्याकडे वळवून पुढे ठेवलं. आपण ते हातात घेऊन थोडं फिरवायचं, म्हणजे नक्षीवर ओठ लागत नाहीत. त्यांनी चांगली बाजू आपल्याला द्यायची आणि आपण ती वापरायची नाही. चव? पालकाच्या पातळ भाजीत कोणी साखर घालायला विसरावं तशी. आधी दिलेली गोड वडी कशासाठी होती ते तेव्हा कळलं.

गुडघे सुन्न झाले होते. ताईला उठवायला दोघींना हात द्यावा लागला.

शुक्रवार, साकाई

क्योटोहून ओसाका अर्ध्या तासावर. आम्ही पहिल्या डब्यात, ड्रायव्हरच्या काचेमागे उभ्या होतो. त्याच्या समोर खाचेत खिशातलं घड्याळ बसवलेलं, शेजारी वेळापत्रकाची पट्टी. प्रत्येक स्टेशनाआधी तो बोटानं पट्टीवरची ओळ दाखवायचा, मग घड्याळ, मग पुढचा सिग्नल. ही वेळेची निष्ठा सगळ्या जगाला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोजवळची एक गाडी २० सेकंद लवकर सुटली, तर कंपनीनं जाहीर माफी मागितली होती.

पण या गाडीच्या पुढच्या थांब्यांत ओसाकानंतर एक नाव होतं: आमागासाकी. २५ एप्रिल २००५ ला त्या स्टेशनाजवळ एक लोकल वळणावर रुळांवरून उडून इमारतीत घुसली. १०७ माणसं गेली, त्यात २३ वर्षांचा ड्रायव्हरही. ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडीचा वेग ११६ होता. आधीच्या स्टेशनात गाडी फलाटाच्या पुढे गेली होती, ती मागे घेण्यात मिनिटभराहून जास्त उशीर झालेला, आणि तो त्याला भरून काढायचा असावा. उशीर करणाऱ्या ड्रायव्हरांना तेव्हा ‘पुनर्शिक्षण’ दिलं जायचं. नाव शिक्षण, पण त्यात गवत उपटायला लावणं, दिवसचे दिवस माफीपत्रं लिहायला लावणं, चारचौघांत पाणउतारा करणं असायचं. त्या मुलानं ते एकदा भोगलेलं होतं.

म्हणजे घड्याळाकडे जाणारं बोट तेच, हातमोजाही तोच. मी मागे कादोहाकीबद्दल जे लिहिलं ते इथे लागू होत नाही, कारण त्या मुलाच्या मनात पुढचा माणूस नव्हता, वरचा होता. जपानचं कौतुक करणाऱ्या लेखांत आमागासाकी सहसा येत नाही. यायला हवं.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्याकडे एक मेट्रन होत्या. काउंट चुकला तर सगळ्यांसमोर रडवायच्या. मग मुली काय करायच्या माहितीये? चुकलेला काउंट लपवायला शिकल्या. पुढच्या मेट्रन आल्या, त्या म्हणाल्या, चुकला तर ताबडतोब ओरडा, मी सर्जनला थांबवते. त्यानंतर आमची ओटी सुधारली.”

साकाई हे सुऱ्यांचं गाव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आली, ती चिरायला सुऱ्या लागल्या आणि इथले लोहार त्यात तरबेज झाले. आज जपानी बल्लवाचार्यांच्या हातातल्या बहुतेक सुऱ्या इथल्याच. एक सुरी एक माणूस करत नाही: लोहार वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा, आणि पिढ्यान्‌पिढ्या वेगळेच.

लोहाराच्या भट्टीत अंधार होता. पोलादाचा रंग उजेडात कळत नाही म्हणून. मऊ लोखंडावर कडक पोलादाची पट्टी जोडून ठोकतात. पाणी देण्याआधी पात्याला चिखलाचा पातळ लेप लावून वाळवतात, म्हणजे पातं सगळीकडून सारखं थंड होतं. धारवाल्याकडे नुसता पाण्याचा आणि दगडाचा आवाज. तो मधूनमधून पातं डोळ्यांसमोर धरून धारेवरून नजर फिरवायचा आणि लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलकी टिचकी मारावी तसा हातोडा मारायचा. मला त्यात काही वाकडं दिसत नव्हतं. मारल्यावर काही सरळ झालेलंही दिसलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही मूठवाल्याकडे काढला. मूठ मॅग्नोलियाच्या लाकडाची, तोंडाशी म्हशीच्या शिंगाचं कडं. पात्याचा मागचा दांडा तापवून लाल केला, मुठीच्या भोकात घातला, चर्र करून धूर आला. आता पातं आत ठोकायला हवं, पण धारेवर कुणी हातोडा मारणार? त्यानं सुरी उलटी, पातं खाली लोंबतं धरली आणि मुठीच्या बुडावर लाकडी हातोडीनं ठोकायला सुरुवात केली. ठोक खालच्या दिशेला, आणि पातं मात्र इंच-इंच वर, मुठीत चढत होतं. जडत्वाचा नियम शाळेत शिकले होते, बघितला त्या दिवशी. मग त्यानं सुरी डोळ्यासमोर धरली, किंचित तिरकी वाटली असावी, दोन ठोके कडेला दिले आणि बाजूला ठेवली. पुढची उचलली.

तिथेच ताईची नजर कोपऱ्यातल्या एका सुरीवर गेली. धारेचा उतार उलट्या बाजूला होता. पारंपरिक जपानी सुरीला धार सहसा एकाच बाजूनं असते, त्यामुळे डावखुऱ्याची सुरी जन्मापासून वेगळी करावी लागते आणि किंमत उजव्या सुरीच्या दीडपटीच्या आसपास जाते. ताई डावखुरी आहे. नोकरीत सगळी हत्यारं उजव्या हाताची. आर्टरी फोर्सेप्सचं, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरणाऱ्या चिमट्याचं, कुलूप डाव्या हातानं उलट्या दाबानं सोडायला ती स्वतः शिकली आणि नंतर डावखुऱ्या मुलींना शिकवत राहिली.

तिनं ती सुरी डाव्या हातात घेतली. मूठवाल्यानं तिच्या हाताकडे बघितलं, काही न बोलता सुरी परत मागितली आणि मुठीचा कंगोरा तिच्या बोटांच्या पेराखाली येतो की नाही ते बघून पुन्हा दिली. घासाघीस करायची ताईची जन्माची सवय, पण या वेळी त्यानं सांगितलेली किंमत तिनं ट्रेमध्ये ठेवली.

शनिवार, कानाझावा

त्सुरुगापर्यंत एक्स्प्रेस, तिथून शिनकान्सेन. मार्च २०२४ पासून ही नवी जोडणी झाली. गाडी बदलायला किमान वेळ आठ मिनिटं, आणि सामानासह शेकडो माणसं धक्का न लागता जिने चढून पलीकडे जातात.

तारीख १ नोव्हेंबर, मुद्दाम साधलेली. केनरोकुएन बागेत याच दिवशी ‘युकित्सुरी’ला सुरुवात होते. या किनाऱ्यावर पडणारं बर्फ ओलं आणि जड, त्यानं फांद्या मोडतात. म्हणून झाडाशेजारी उंच खांब उभा करून त्याच्या टोकापासून एकेका फांदीला भाताच्या पेंढ्याची दोरी बांधून तिला वरून तोलायचं. मान पहिला कारासाकीच्या पाइन वृक्षाचा: पाच खांब, सुमारे आठशे दोऱ्या. वर चढलेला माळी दोरी खाली सोडतो, खालचा ती फांदीला कधी सैल, कधी घट्ट बांधतो. काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतं आणि मार्चमध्ये हे सगळं सोडायचं. नुसत्या देखणेपणासाठी बांधलेली झाडंही बागेत आहेत, हे एका मार्गदर्शकानं मोकळेपणानं सांगितलं.

जपानातल्या सोन्याच्या वर्खापैकी ९९ टक्के कानाझावात होतो, जाडी मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. बांबूच्या चिमट्यानं उचलतात आणि फुंकर मारून सुरकुती काढतात. वर्ख लावलेलं आइस्क्रीम मी घेतलं. ताईनं नाकारलं. म्हणाली, “काजूकतलीवर चांदीचा येतो तो काय वाईट आहे?”

रविवार, परत टोकियो

टोकियो स्टेशनावर उतरल्यावर आम्ही बाहेर पडलो नाही, फलाटावरच थांबलो. इथे गाडी येते आणि बारा मिनिटांत परत निघते. उतरणं-चढणं वजा जाता सफाईला सात मिनिटं उरतात. गाडी येण्याआधीच कर्मचारी रांगेत उभे, बहुतेक मध्यमवयीन बायका. गाडी थांबताना वाकून नमस्कार, उतरणाऱ्यांपुढे पिशवी उघडी. मग आत. सामानाच्या फळ्यांवर नजर, खुर्च्यांच्या खाचांतला कचरा, खुर्च्या उलट्या दिशेला फिरवणं, प्रत्येक टेबल उघडून पुसून मिटणं, डोक्यामागचं कापड मळलं असेल तर बदलणं, शेवटी झाडू. एका डब्याला, म्हणजे शंभराच्या आसपास खुर्च्यांना, साधारण एक माणूस. काचेतून बघताना ताईचे ओठ हलत होते.

या सफाई कंपनीत २००५ मध्ये तेरुओ याबे आले, आमागासाकीचं तेच साल. तोवर हे काम म्हणजे शेवटचा पर्याय, माणसं टिकत नव्हती, तक्रारी भरपूर. याबेंनी नियमांचे कागद वाढवले नाहीत. सफाई करणाऱ्यांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली, आणि सहकाऱ्याचं चांगलं काम दिसलं तर ते लिहून कळवायची पद्धत आणली. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलनं या कंपनीवर केस स्टडी केला आहे. ताईला हे सांगितल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला: “पगार वाढवला का?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि हा प्रश्न मला आधी सुचला नाही याची नोंद तिनं घेतली.

सोमवार, विमानतळ

सुरी चेक-इनच्या बॅगेत होती, तरी ताईनं काउंटरवर आपण होऊन सांगितलं. मुलीनं खोका दाखवायला सांगितला. खोक्याची एक कड सुटली होती. ती आतून नवी पट्टी घेऊन आली, कड दाबून बसवली, पट्टी लावली आणि शेवटचा अर्धा सेंटिमीटर आतल्या बाजूला दुमडला, म्हणजे घरी उघडताना नखानं टोक शोधत बसायला नको.

मी म्हटलं, “बघ, बघ, टोक दुमडलं!” आणि फोन काढला.

ताईनं माझ्याकडे बघितलं. “अगं, चिकटपट्टीचं टोक आम्ही वॉर्डात रोज दुमडायचो. ड्रेसिंग सोडताना पेशंटला दुखू नये म्हणून. कधी कुणी फोटो काढायला आलं नाही.”